पुढे जाण्यासाठी इथे क्लिक करा

तुम्ही नोकरी करत असाल तर हे दृश्य तुम्हाला नवं नाही. शुक्रवारी दुपारी एचआरचा मेल येतो. आग लागल्यास काय करावं, पासवर्ड कसा जपावा, ऑफिसात सहकाऱ्यांशी कसं वागावं, अशा कुठल्यातरी विषयावरचा पाऊण तासाचा कोर्स आज रात्री बाराच्या आत 'कम्प्लीट' करायचा असतो. आपण कोर्स एका खिडकीत उघडतो, आवाज बंद करतो आणि कामाच्या अधेमधे 'नेक्स्ट' दाबत राहतो. मधेच गाडी अडते. पडद्यावर पाच रंगीत चौकोन आणि खाली सूचना: 'अधिक जाणून घेण्यासाठी प्रत्येक चौकोनावर क्लिक करा'. पाचही दाबल्याशिवाय 'नेक्स्ट'चं बटण उजळत नाही. टक टक टक टक टक. उजळलं. चला पुढे!

आता गंमत अशी, की हे चौकोन कुणीतरी विचार करून, मीटिंगा घेऊन, पैसे मोजून तिथे ठेवलेले असतात. त्याला 'इंटरॅक्टिव्हिटी' म्हणतात. मी काही वर्षं या धंद्याच्या आसपास काढली आहेत, आणि मला नेहमी प्रश्न पडायचा की शिकणाऱ्याला बटण दाबायला लावायचं हे मुळात कुणाच्या डोक्यात आलं? शोधत गेलो तर बऱ्याच मागे जावं लागलं. कॉम्प्युटरच्याही मागे. थेट १९२४ साली.

अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या काळात तिकडे वस्तुनिष्ठ चाचण्यांचं पेव फुटलं होतं, आणि ढीगभर पेपर तपासून शिक्षक मेटाकुटीला येत होते. प्रेसीसाहेबांनी एक यंत्र बनवलं आणि १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात मांडलं. आकार छोट्या टाइपरायटरएवढा. एका खिडकीत प्रश्न आणि चार पर्याय दिसायचे, बाजूला चार कळा. विद्यार्थ्याने कळ दाबली की यंत्र मागच्या बाजूला मार्क मोजायचं आणि पुढचा प्रश्न आणायचं. झाली परीक्षा.

पण या यंत्राला एक छोटा खटका होता आणि सगळी कथा त्या खटक्यात आहे. तो वर केला की यंत्राचा स्वभावच बदलायचा. आता चुकीची कळ दाबली तर प्रश्न हलायचाच नाही. बरोबर कळ दाबेपर्यंत तोच प्रश्न समोर. म्हणजे खटका खाली असताना परीक्षा, वर असताना शिकवणी! एकाच कळीचे दोन अर्थ, आणि तेही एका लोखंडी पट्टीच्या जागेवरून ठरणारे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना यात 'इफ' आणि 'एल्स' दिसेल. मला तर ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा फारच आवडलं. प्रेसींनी त्याला आणखी एक जोडकामही केलं होतं: ठरलेले मार्क पडले की यंत्रातून एक गोळी बाहेर यायची. खायची गोळी हो. आज ज्याला 'गेमिफिकेशन' म्हणून कॉन्फरन्समध्ये विकतात, ते तेव्हाच तोंडात विरघळून गेलं होतं. :)

दुर्दैवाने महामंदी आली. यंत्र बाजारात आलं होतं, पण घेणार कोण? १९३२ साली प्रेसींनी या कामातून अंग काढून घेतलं. शिक्षणात औद्योगिक क्रांती होणार असं त्यांना मनापासून वाटत होतं. ती झाली नाही. निदान तेव्हा नाही.

वीसेक वर्षं गेली. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये हार्वर्डचे बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत पालकांच्या दिवशी गणिताच्या तासाला मागे जाऊन बसले. स्किनर म्हणजे कबुतरांना दाणे टाकून टाकून पिंगपाँगसारखा खेळ शिकवणारे गृहस्थ. वर्गात त्यांनी पाहिलं ते कुठल्याही शाळेत दिसतं: काही मुलं गणित सोडवून कंटाळून बसलेली, काही अडकलेली, आणि बरोबर की चूक हे कुणालाच त्या क्षणी कळत नाही, वह्या तपासून येतील तेव्हा कळणार. कबुतराच्या बाबतीत जी गोष्ट स्किनर सेकंदभरही लांबू देत नसत, ती मुलांच्या बाबतीत दुसऱ्या दिवसावर गेली होती. त्यांनी थोड्याच दिवसांत स्वतःचं यंत्र बनवलं आणि १९५४ साली पिट्सबर्गला ते दाखवलं.

स्किनरच्या यंत्रात पर्यायांच्या कळा नव्हत्या, आणि हे मुद्दाम. एका यंत्रात मुलाने आकड्यांच्या पट्ट्या सरकवून उत्तर जुळवायचं आणि मूठ फिरवायची. उत्तर बरोबर असेल तर मूठ मोकळी फिरणार आणि पुढचा प्रश्न येणार. चूक असेल तर मूठ फिरणारच नाही. मोठ्या मुलांच्या यंत्रात उत्तर कागदाच्या पट्टीवर लिहायचं, मग एक दांडी उचलली की लिहिलेलं काचेखाली जायचं (म्हणजे खाडाखोड करायची सोय बंद!) आणि बरोबर उत्तर शेजारी उघडायचं. स्किनरचं म्हणणं असं की चार पर्यायांतून एक ओळखणं वेगळं आणि उत्तर स्वतः तयार करणं वेगळं. शिवाय चांगले पर्याय देण्यासाठी तीन चुकीच्या पण पटण्यासारख्या गोष्टी आपण मुलासमोर ठेवतो, आणि त्यातली एखादी त्याच्या डोक्यात कायमची घर करून बसली तर? म्हणून त्यांचे धडे इतक्या बारीक पायऱ्यांचे असत की मूल सहसा चुकतच नसे. चुकलं तर दोष धड्याचा.

याच्या अगदी उलट टोकाला नॉर्मन क्राउडर. हे अमेरिकन हवाई दलासाठी काम करत होते, इलेक्ट्रॉनिक यंत्रांतला बिघाड कसा शोधायचा हे तंत्रज्ञांना शिकवण्याचं. बिघाड शोधणारा माणूस चुकतोच, आणि तो कुठे चुकला त्यावरून त्याच्या डोक्यात काय गैरसमज आहे ते कळतं. मग चूक टाळायची कशाला? तिचा उपयोग करू. क्राउडरने पर्याय परत आणले, पण प्रत्येक पर्यायाच्या मागे वेगळी वाट ठेवली. आधी यंत्रात आणि मग १९६० च्या सुमारास चक्क पुस्तकात. या पुस्तकाची पानं क्रमाने वाचायचीच नाहीत. पान एकवर प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरापुढे एक पान क्रमांक.

समजा प्रश्न आहे: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? (उदाहरण माझं आहे.) तुम्ही पाच षष्ठांश निवडलंत तर पान १४, शाब्बास, पुढचा मुद्दा. तुम्ही दोन पंचमांश निवडलंत तर पान ३१. तिथे नुसतं 'चूक' असं लिहिलेलं नसतं. तिथे लिहिलेलं असतं की तुम्ही वरचे आकडे एकमेकांत मिळवलेत आणि खालचेही; पण जरा बघा, दोन पंचमांश हे तर अर्ध्यापेक्षाही कमी झालं, अर्ध्यात काही मिळवल्यावर ते कमी कसं होईल? आता परत पान एकवर जा. एक षष्ठांश निवडणाऱ्याला वेगळं पान, कारण त्याने गुणाकार केला आहे. त्याची चूक वेगळी आहे.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर स्किनर नावाने मोठा, पण बटण म्हणजे काय हे क्राउडरला जास्त कळलं होतं. बटण दाबणं म्हणजे शिकणाऱ्याने आपल्याला काहीतरी सांगणं. ते ऐकून त्याप्रमाणे बोललं तर तो संवाद. न ऐकताच पुढचं पान दाखवलं तर मग ती कळ दाराच्या बेलसारखी, कुणीही दाबली तरी आवाज तोच.

असो. आता कॉम्प्युटर येतो. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' नावाची यंत्रणा सुरू केली, सुरुवातीला एका वेळी एकच विद्यार्थी बसू शकेल अशी. बारा वर्षांत तिची चौथी आवृत्ती आली आणि ती बघून आजही तोंडात बोट जातं. नारिंगी रंगात चमकणारा प्लाझ्मा पडदा (हा पडदाच बिट्झर आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये याच कामासाठी शोधून काढला होता), ५१२ बाय ५१२ ठिपके, आणि त्यावर स्पर्श कळणारी चौकट. साल १९७२! पडद्याच्या कडांवरून अवरक्त किरणांची अदृश्य जाळी, १६ उभ्या, १६ आडव्या. बोट काचेजवळ गेलं की दोन किरण अडायचे आणि कुठल्या घरावर बोट आहे ते यंत्राला कळायचं. एकूण २५६ घरं. पडदा साधारण साडेआठ इंचांचा, म्हणजे एकेक घर अर्ध्या इंचाहून किंचित मोठं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्लेटोच्या कीबोर्डवर शिकणाऱ्यासाठी खास कळा होत्या. नेक्स्ट. बॅक. हेल्प. हो, आपल्या 'नेक्स्ट'चे पणजोबा हेच. पण त्यांच्या शेजारी 'हेल्प', 'डेटा', 'लॅब' अशाही कळा होत्या, म्हणजे शिकणारा फक्त पुढे जाईल असं गृहीत धरलेलं नव्हतं. अडला तर मदत मागेल, आकडेवारी बघेल, प्रयोग करून बघेल. या कळांपैकी आपल्यापर्यंत ठणठणीत पोहोचली ती नेमकी नेक्स्ट. बाकीच्या वाटेत गळल्या.

धडे लिहिण्यासाठी पॉल टेन्झार यांनी १९६७ मध्ये 'ट्यूटर' नावाची भाषा बनवली. प्रोग्रामर मित्रमैत्रिणींनो, जरा इथे थांबा. या भाषेत 'अॅन्सर' नावाची आज्ञा होती, त्यापुढे अपेक्षित उत्तर लिहायचं. आणि तिच्या जोडीला 'राँग' नावाची आज्ञा होती, त्यापुढे अपेक्षित चूक लिहायची आणि त्या चुकीला काय बोलायचं ते. चुकीला भाषेच्या व्याकरणातच जागा! आपण रोज ज्या भाषा वापरतो त्यात चूक म्हणजे 'एक्सेप्शन', कुठेतरी पकडून गिळून टाकायची. इथे धडा लिहिणाऱ्याला बसून विचार करावाच लागायचा की पोरं कुठे कुठे घसरतील.

प्लेटोवरचा एक खेळ बॉनी अँडरसन सायलर यांनी लिहिलेला होता. संख्यारेषेवर घोडागाडी आणि रेल्वेची शर्यत. तुम्हाला तीन आकडे मिळतात. त्यांच्यामध्ये बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, कंस हवे तसे टाकून एक पदावली बनवायची. जे उत्तर येईल तितकी घरं गाडी पुढे. वाटेत गावं आहेत, त्यावर बरोबर थांबलात तर आणखी पुढच्या गावाला उडी. तेव्हा सगळ्यात मोठं उत्तर काढणं नेहमी फायद्याचं नाही. कधी कंस सरकवून नेमका हवा तो आकडा काढावा लागतो. यात मूल जी काही कळ दाबतं त्यातली एकही फुकट नाही. कंस कुठे टाकायचा हा विचार केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि शिकवायचं होतं तेही नेमकं तेच.

इथे एक छोटं विषयांतर. १९५४ साली, म्हणजे स्किनर यंत्र दाखवत होते त्याच वर्षी, पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक नियम मांडला: लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका त्याच्यापर्यंत हात नेमका पोहोचायला वेळ जास्त. आज कुठलंही बटण आखताना याच नियमाचा आधार घेतला जातो. आणि फिट्स तेव्हा कुठे होते? ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत. प्रेसींच्याच विद्यापीठात! बटण दाबून शिकता येतं हे एकाने दाखवलं, आणि बटण केवढं असावं हे दुसऱ्याने, एकाच आवारात. कॅन्टीनला दोघं भेटले असतील का, देव जाणे.

१९८७ मध्ये अॅपलने मॅकबरोबर 'हायपरकार्ड' फुकट द्यायला सुरुवात केली. बिल अॅटकिन्सन हा त्याचा कर्ता (२०२५ मध्ये तो गेला). कार्डं, कार्डांच्या गड्ड्या आणि कार्डांवर बटणं. शाळेतले शिक्षक रात्री घरी बसून स्वतःचे धडे बनवायला लागले, कारण बटणाला काय करायचं ते जवळजवळ इंग्रजी वाक्यासारखं लिहिता यायचं. पण हायपरकार्डने एक जादू आणली आणि तिच्याबरोबर एक रोगही: बटण पारदर्शक करता यायचं. चित्र काढा, हृदयाच्या डाव्या कप्प्यावर अदृश्य बटण ठेवा, मुलाने तिथे क्लिक केलं की माहिती हजर. शरीरशास्त्र, नकाशे, यंत्रांचे भाग, सगळ्याला हे सोन्यासारखं. पण मुलाला कसं कळणार की कुठे क्लिक करायचं? हायपरकार्डमध्ये दोन कळा एकदम धरल्या की लपलेल्या बटणांच्या चौकटी दिसत. ज्यांना माहीत नव्हतं ते पडदाभर माउस टकटकवत बसायचे, अंधारात दिव्याचं बटण चाचपडावं तसे. 'मिस्ट' नावाचा १९९३ चा गाजलेला खेळ हायपरकार्डवरच बनला होता, आणि तिथे हे चाचपडणं हीच मजा होती. धड्यात ती मजा राहत नाही. विद्यार्थी हृदयाचा विचार करायचा सोडून लपलेल्या चौकोनाचा विचार करायला लागतो.

प्लेटोच्या धंदेवाईक आवृत्तीवर काम केलेल्या मायकेल अॅलन यांनी पुढे 'ऑथरवेअर' आणलं. त्यात तर 'हॉट स्पॉट', 'टार्गेट एरिया' असे प्रकार तयारच मिळायचे, चिन्हं ओढून एका रेषेवर ठेवायची की झाला धडा. १९९२ मध्ये त्यातून मॅक्रोमीडिया कंपनी उभी राहिली. आणि मॅक्रोमीडियाने १९९६ च्या अखेरीस एक छोटी कंपनी विकत घेऊन तिच्या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरला नाव दिलं: फ्लॅश.

आता आपण आपल्या घरात आलो. २००० नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईत ई-लर्निंगच्या कंपन्यांची रांग लागली. मुंबईत टाटा इंटरॅक्टिव्ह होती, पुण्यात हार्बिंजरने तर तयार इंटरॅक्शन्सचा संग्रह असलेलं 'रॅप्टिव्हिटी' हे उत्पादनच बाजारात आणलं. बाकी लहानमोठ्या कित्येक. कोर्स अमेरिकेतल्या बँकेसाठी नाहीतर युरोपातल्या औषध कंपनीसाठी, आणि बनवणारी मुलं फर्ग्युसन, रुईया, अभिनव, जेजेमधून आलेली. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेली मुलगी 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर' व्हायची, कमर्शियल आर्टवाला 'व्हिज्युअलायझर', आणि ज्याला अॅक्शनस्क्रिप्ट येतं तो देव. एकीकडे त्याच काळात, २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीमुळे तालुक्याच्या गावातले क्लार्क आणि शिक्षक आयुष्यातला पहिला क्लिक करत होते.

आणि १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत सुगत मित्रांनी भिंतीत बसवलेल्या कॉम्प्युटरवर झोपडपट्टीतली मुलं कुणी न शिकवता क्लिक शिकली. बाणाला ती 'सुई' म्हणत आणि वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. यापेक्षा चांगलं युजर इंटरफेसचं भाषांतर मी वाचलेलं नाही.

फ्लॅशच्या बटणाला चार अवस्था असत. अप, म्हणजे नुसतं पडून असलेलं. ओव्हर, म्हणजे माउस वर आलेला. डाउन, म्हणजे दाबलेलं. आणि चौथी हिट. ही हिट मोठी मजेदार. ती पडद्यावर कधीच दिसत नाही; क्लिक नेमका कुठे लागू होईल तेवढा भाग त्यात रंगवायचा. नवशिका हमखास इथे पडायचा. नुसत्या अक्षरांचं बटण बनवलं आणि हिट रिकामी सोडली, की अक्षरांच्या रेघांवरच क्लिक लागायचा. 'ओ'च्या पोटात माउस गेला की बाणाचा हात, हाताचा बाण, असं थरथरायला लागायचं. अनुभवी माणूस मात्र हिटमध्ये अक्षरांभोवती गुबगुबीत चौकोन भरायचा, आणि वापरणाऱ्याला नुसतं वाटायचं की हा कोर्स जरा 'बरा चालतो'. चांगलं काम दिसत नाही ते असं.

पण बटण कसं बनवायचं हा प्रश्न सुटला तसा बटण कशाला बनवायचं हा प्रश्न मागे पडला. याला धंद्याचं गणित कारणीभूत होतं असं माझं मत आहे. अमेरिकन संरक्षण खात्याच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेत इंटरॅक्टिव्हिटीच्या चार पातळ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांचीच रूपं या उद्योगाने उचलली. दर ठरायचा पातळीवर आणि कोर्सच्या तासांवर. आता क्लायंटला कोटेशन देताना 'इथे शिकणारा खरोखर विचार करेल' हे मोजून दाखवता येत नाही; 'दर तीन पडद्यांमागे एक इंटरॅक्शन' हे येतं. आणि मग स्टोरीबोर्डच्या रकान्यात सगळ्यात स्वस्त इंटरॅक्शन पडायला लागलं: क्लिक-टू-रिव्हील. एक परिच्छेद घ्या, पाच तुकडे करा, पाच चौकोनांच्या पोटात लपवा. वाचायला मिळत होतं तेच, पण आता पाच क्लिक करून.

याला शेवटची खिळपट्टी मारली ती स्कॉर्मने. कोर्स एका कंपनीचा, तो चालवणारी यंत्रणा दुसऱ्या कंपनीची, तर दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं हे प्रमाण. १.२ ही सगळ्यात पसरलेली आवृत्ती २००१ ची. तिच्यात धड्याची स्थिती सांगणारी सहा मूल्यं आहेत: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, नुसतं चाळलं, आणि हातच लावला नाही. शिकणाऱ्याने कुठल्या प्रश्नाला कुठला पर्याय निवडला, किती वेळ घेतला, हेही पाठवायची सोय त्यात आहे. पण ते स्वीकारणं यंत्रणेवर बंधनकारक नव्हतं. २००४ च्या आवृत्तीत ते झालं. म्हणजे क्राउडरने ज्यासाठी आयुष्य घातलं ती माहिती ऐच्छिक, आणि 'पूर्ण' हा शब्द सक्तीचा. मग 'पूर्ण' सिद्ध करायला सगळे चौकोन दाबले की नाही ते मोजा, तोवर नेक्स्टला कुलूप लावा.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, एचआरचा कोर्स तर आहे. बरं, आगीचंच घेऊ. अग्निशामक नळकांड्याचं चित्र. पिनवर क्लिक करा, 'ही पिन आहे, ती ओढावी'. नळीवर क्लिक करा, 'ही नळी आहे, ती आगीच्या बुडाशी धरावी'. चार क्लिक, चार वाक्यं, पूर्ण. आता दुसरा पडदा बघा: पॅन्ट्रीशेजारच्या इलेक्ट्रिकच्या पॅनेलमधून धूर येतोय. भिंतीवर दोन नळकांडी, एक पाण्याचं, एक कार्बन डायऑक्साइडचं. शेजारी मेन स्विच. मागे बाहेर जायचं दार. एकच क्लिक करायचा आहे, आधी कुठे कराल? जो पाण्याच्या नळकांड्यावर क्लिक करेल त्याला तिथल्या तिथे कळायला हवं की वीज चालू असताना त्याने अंगावर काय ओढवून घेतलं असतं. दोन्ही पडद्यांवर क्लिक आहेत. दोन्हींची नोंद 'पूर्ण' अशीच जाईल. फॅक्टरीच्या रेकॉर्डला शंभर टक्के लोक प्रशिक्षित दिसतील. आणि खरी आग लागली तर ते रेकॉर्ड ऑडिटला दाखवता येईल, पॅनेलसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या ते काही कामाचं नाही.

तरीही बिचाऱ्या नेक्स्टला सरसकट शिव्या देऊ नका बरं का. २००१ मध्येच रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीज कशी कडाडते यावरचं छोटं निवेदनासह अॅनिमेशन. काहींना ते सलग दाखवलं. काहींना सोळा तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर पुढे जायचं बटण स्वतः दाबून. बाकी काही बदल नाही. ज्यांनी स्वतःच्या गतीने बटण दाबलं त्यांना नव्या प्रश्नांवर ते ज्ञान जास्त चांगलं वापरता आलं. कारण साधं आहे: डोक्याला मागचा तुकडा पचवायला श्वासभर वेळ मिळाला, आणि किती वेळ घ्यायचा ते शिकणाऱ्याने ठरवलं. कुलूप लावलेल्या नेक्स्टमध्ये नेमकी हीच गोष्ट उलटी होते. ठरवणारा बदलतो.

फ्लॅशचा अंत तुम्हाला माहीतच आहे. २००७ मध्ये आयफोन आला, त्यात फ्लॅश नव्हतं. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून कारणं दिली. त्यातलं एक असं की फ्लॅशची रचना माउसभोवती आहे, बोटाला 'ओव्हर' ही अवस्थाच नाही. खरं होतं ते. बोट एकतर काचेवर असतं किंवा नसतं, मधे तरंगत नाही. ज्या कोर्समध्ये माउस नुसता वर नेला की माहिती उघडायची ते सगळे एका फटक्यात मुके झाले. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा थांबवला, आणि त्याआधीची काही वर्षं आपल्याकडच्या कित्येक मुलामुलींनी जुने फ्लॅश कोर्स एचटीएमएल फाइव्हमध्ये उतरवण्यातच घालवली. वाईट याचं वाटतं की पुष्कळदा ते पाच चौकोनही इमानेइतबारे उतरवले गेले.

आणि तो अर्ध्या इंचाचा आकडा आठवतोय ना? अॅपलने बोटासाठी कमीत कमी ४४ पॉइंटचं बटण सुचवलं. पहिल्या आयफोनच्या पडद्यावर ते जेमतेम पाव इंचाच्या वर जातं. २०२३ च्या वेब सुगम्यता निकषांत तर किमान मर्यादा २४ पिक्सेल आहे, आणि ती घालून द्यावी लागली यातच काय ते आलं. प्लेटोच्या मुलांना १९७२ मध्ये याच्या जवळजवळ दुप्पट जागा होती, तीही तांत्रिक मर्यादेमुळे का होईना. त्याच २०२३ च्या निकषांत आणखी एक कलम आहे: जे काही ओढून टाकायला सांगाल, ते न ओढता साध्या टिचकीनेही करता आलं पाहिजे. ज्याचा हात थरथरतो त्याने तुमची 'ड्रॅग अँड ड्रॉप' जोड्या लावा कशी करायची, हा प्रश्न आम्ही स्टोरीबोर्ड बघायचो तेव्हा कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

या सगळ्यात मला आजही बघायला आवडतं ते 'फेट'. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी, २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळाल्यावर लगेच पुढच्या वर्षी, सुरू केलेला फुकट सिम्युलेशन्सचा प्रकल्प. त्यातली बरीच आता मराठीतही आहेत. ही मंडळी सिम्युलेशन बनवलं की विद्यार्थ्याला समोर बसवतात, मोठ्याने विचार करत वापरायला सांगतात आणि स्वतः गप्प बसून बघतात. विद्यार्थी जे उचलायला जातो ते उचलता आलं पाहिजे, आणि जे कळायला सूचना वाचावी लागते ते बदललं पाहिजे. विजेच्या मंडलाचं त्यांचं सिम्युलेशन उघडून बघा. बॅटरी, बल्ब, वायरी. कुठेही 'इथे क्लिक करा' नाही, नेक्स्ट नाही. बॅटरी ओढा, वायर जोडा, बल्ब लागतो. मग कुठलंही पोर जे करतं तेच करा: बॅटरीची दोन टोकं सरळ वायरीने जोडून टाका. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' असं काहीही येत नाही. बॅटरी पेट घेते. पोर हसतं, वायर काढतं, आणि आता बल्ब मधे घालून बघतं.